मॉसफेट पुन्हापुन्हा उडतात, त्याचे कारण

संपादक महोदय, स. न. वि. वि.

उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढले की गावोगावचे इन्व्हर्टर दुरुस्तीला निघतात. नवे मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे तीन पायांचे स्विच) टाकले तरी आठवड्यात पुन्हा शॉर्ट, मग ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून सारे मोकळे! डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण पुष्कळदा अस्सल मालही उडतो आणि दोष गेटच्या, म्हणजे चालू-बंदचा हुकूम घेणाऱ्या पायाच्या, वायरिंगमध्ये असतो.

मॉसफेटच्या पायांमध्ये (गेट, आणि ज्यांतून मुख्य प्रवाह वाहतो ते ड्रेन व सोर्स) आतल्या रचनेमुळेच थोडा कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, असतो. तो कोणी लावलेला नसतो, काढताही येत नाही. आयआरएफझेड ४४ एन हा मॉसफेट घ्या: गेटकडून पाहिले तर सुमारे 1470 पिकोफॅरड, त्यातले ड्रेन-गेटमधले 88. हे 88 किरकोळ वाटतात, पण ड्रेनवरची उसळी गेटवर परत येते ती त्यांच्यातूनच. गेटला 15 सेंटिमीटर वायर जोडली की तिचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) साधारण 150 नॅनोहेन्री. कपॅसिटन्स-इंडक्टन्सची ही जोडी 10 मेगाहर्ट्झच्या आसपास आंदोलने करू लागते, म्हणजे गेटवरचे व्होल्टेज झपाट्याने वरखाली होते. मल्टीमीटरला त्यातले काही कळत नाही, तो बिनचूक 12 व्होल्ट दाखवतो. इकडे गेटवरच्या व्होल्टेजच्या उसळ्या 20 व्होल्टांची मर्यादा ओलांडतात आणि गेटचा ऑक्साइडचा इन्सुलेटर थर फुटतो. लोड नसतानाही हीटसिंकला हात लावू देत नसेल, तर याच दोषाचा संशय घ्यावा.

खरा घोळ समांतर जोडलेल्या मॉसफेटमध्ये होतो. जळालेल्या गेट रेझिस्टरच्या जागी सरळ जंपर मारतात, किंवा चौघांत मिळून एकच रेझिस्टर ठेवतात. तो एक असून नसल्यासारखा. मॉसफेट आपसातच आंदोलने करतात आणि त्या वाटेवर तो येतच नाही. म्हणून प्रत्येक गेटला स्वतंत्र 10 ते 22 ओहम, पाव वॅट, पायाच्या अगदी लगत. ‘जास्त बरा’ म्हणून 470 टाकू नये: आंदोलने थांबतील, पण 50 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या बोर्डात मॉसफेट सावकाश चालू-बंद होऊन तापूनच मरेल. गेटची वायर आखूड ठेवून सोर्सच्या वायरीशी पिळावी, गेटला हुकूम देणाऱ्या ड्रायव्हर आयसीच्या सप्लायवर लगतच 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. मॉसफेटवर चालणाऱ्या, कुंपणाला विजेचे झटके देणाऱ्या झटका मशीनलाही वायरिंगचा हाच नियम.

ग्राहकांनीही दुरुस्तीनंतर बोर्ड उघडून दाखवायला सांगावे. गेटपाशी रेझिस्टरऐवजी नुसती तार दिसली, तर पैसे देण्याआधी ती बदलून घ्यावी.

— इन्व्हर्टर दुरुस्ती कारागीर, ता. दर्यापूर, जि. अमरावती