मॉलमधला कॉन्सर्ट हॉल: आधी हॉल ठरवा, मग दुकानं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मॉल आणि कॉन्सर्ट हॉल एकाच इमारतीत असलेल्या कॉम्प्लेक्सवरचा लेख वाचला. फोटो मस्त होते, काचेची भिंत, एस्केलेटर, लाल खुर्च्यांच्या रांगा, सगळं आलं. दुकानं किती, पार्किंग किती मजली तेही आलं. पण एवढ्या मोठ्या लेखात त्या हॉलमध्ये ऐकायला कसं येणार यावर एक ओळ नाही, आणि कलाकारांचं सामान आत कुठून जाणार यावरही नाही, मग राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी साउंडचं काम करतो, बावीस वर्षं झाली, शो चालू असताना प्रेक्षकांच्या मागे कन्सोलवर जो माणूस उभा असतो तो मी. मॉलमधल्या हॉलमध्ये बरेच शो केलेत. मॉलला माझा विरोध अजिबात नाही, लोक जिथे आपसूक येतात तिथे संगीत असणं ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणणं एवढंच आहे की अशी इमारत बांधताना आधी हॉल ठरवा आणि त्याच्या भोवती दुकानं बसवा. उलटं केलं की हॉल कायमचा लंगडा होतो, नंतर कितीही पैसे ओता.

एक प्रसंग सांगतो, हॉलचं नाव नको. चौथ्या मजल्यावरचा हॉल, साधारण सातशे माणूस, बासरीचा कार्यक्रम. दुपारी साउंडचेक केला तेव्हा हॉल एकदम शांत होता, मी खूश. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला, संथ वाजवणं चाललं होतं, दोन फुंकांच्या मधे कलाकार जरा थांबला की हॉलमध्ये कोणाचा श्वास ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत खालून धप, धप, धप. खाली मॉलच्या मोकळ्या चौकात कुठल्या तरी प्रॉडक्टचा इव्हेंट सुरू झाला होता, सबवूफर लावून. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, शब्द नाहीत, सूर नाही, नुसता ठोका. मी कन्सोलच्या टेबलावर तळवा ठेवला तर तो ठोका हाताला लागत होता. कलाकाराने बासरी ओठांना लावली, थांबला, आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? माझ्यासमोर चाळीस फेडर होते, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, आणि त्यातला एकही त्या आवाजाचा नव्हता. माणूस खाली पाठवला, फोन केले, वीस मिनिटांनी तो इव्हेंट जरा हळू झाला, पण तोवर मैफल गेली ती गेलीच.

आता हे का होतं ते सांगतो कारण बऱ्याच लोकांना वाटतं की भिंतीला फोम लावला, जाड पडदे लावले की काम झालं. फोम आणि पडदे हॉलच्या आतला घुमणारा आवाज कमी करतात, बाहेरचा आवाज थांबवत नाहीत. आणि खालच्या मजल्यावरचा बास, म्हणजे तो जड ठोका, तर हवेतून येतच नाही म्हणा ना, तो स्लॅबमधून, कॉलममधून, लिफ्टच्या शाफ्टमधून येतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे अशा बासच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिच्यापुढे चार इंची फोम म्हणजे काहीच नाही. यावर खात्रीचा उपाय एकच, डब्यात डबा. म्हणजे हॉलची फरशी, भिंती, छत हा सगळा एक वेगळा डबा करायचा आणि तो बाहेरच्या इमारतीला थेट कुठेही न टेकवता रबरावर किंवा स्प्रिंगांवर बसवायचा. सोलमधला लोट्टे कॉन्सर्ट हॉल असाच आहे, २०१६ साली उघडला, २,०३६ खुर्च्या, एका भल्यामोठ्या मॉलच्या वरच्या मजल्यांवर आहे आणि तरी तिथे पाइप ऑर्गनचा कार्यक्रम होतो. त्याचं अकूस्टिक्स, म्हणजे आवाजाची रचना, यासुहिसा तोयोता यांनी केली. त्यांचंच काम हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत आहे, तिथे मॉल नाही पण त्याच इमारतीत हॉटेल आहे, राहायचे फ्लॅट आहेत, बाहेर बंदरावर जहाजांचे भोंगे वाजतात, आणि मोठा हॉल ३६२ स्प्रिंगांच्या संचांवर बसवलाय. बरं, हे सगळं स्लॅब पडायच्या आधीच करावं लागतं. मॉल उभा राहिल्यावर कोणी म्हणालं की वरच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे तिथे हॉल करू, तर ते होत नाही. खुर्च्या बसतील, स्टेज बसेल, शांतता बसणार नाही.

दुसरी गोष्ट उंची. माइकशिवाय वाजणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या हॉलला एका खुर्चीमागे ढोबळमानाने १० घनमीटर हवा लागते, म्हणजे दोन हजार खुर्च्यांना वीस हजार घनमीटर. एवढी जागा असली तर आवाज साधारण दोन सेकंद रेंगाळतो आणि व्हायोलिनला जो भरीवपणा येतो तो येतो. भाषणाला किंवा नाटकाला एवढं रेंगाळणं चालत नाही, तिथे एक सेकंद पुरे, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. पण मॉलवाल्याला त्या वीस हजार घनमीटरमध्ये हवा दिसत नाही, त्याला न मिळालेलं भाडं दिसतं, चार-पाच मजल्यांएवढी उंची आणि मधे एकही कॉलम नाही, त्याच्या दृष्टीने वायाच. मग छत खाली येतं, बाल्कनी पुढे येते, आणि बाल्कनीखालच्या शेवटच्या आठ-दहा रांगांना आवाज उशीतून आल्यासारखा येतो. त्या रांगांची तिकिटं विकली जातातच. तिथला प्रेक्षक घरी जाऊन म्हणतो आज साउंड बेकार होता, आणि शिव्या मला बसतात. त्याचं काही नाही, पण दोष स्पीकरचा नसतो हो, छताचा असतो.

मोठ्या पॉप शोचं गणित वेगळं आहे हे मान्य. लंडनच्या ओटू अरेनासारख्या वीस हजारांच्या जागेत सगळा आवाज स्पीकरमधूनच येतो, बाहेर दुकानं नि रेस्टॉरंट गजबजलेली असली तरी आत फरक पडत नाही. तिथे त्रास झालाच तर उलटा होतो, आतला बास शेजाऱ्यांना.

आणि हे एकत्र बांधणं काही आजचं फॅड नाही. शिकागोचं ऑडिटोरियम बिल्डिंग १८८९ साली पूर्ण झालं, अॅडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्टांचं काम. मधे चार हजारांवर खुर्च्यांचं थिएटर आणि त्याच्या भोवती हॉटेल आणि ऑफिसं गुंडाळलेली. कल्पना अशी की हॉटेल-ऑफिसच्या भाड्यातून थिएटर पोसलं जावं, कारण संगीताचा हॉल नुसत्या तिकिटांवर चालत नाही हे त्या लोकांना तेव्हाच माहीत होतं. मला ही कल्पना आजही पटते. आणि बघा, थिएटर मधे आहे आणि धंदा भोवती आहे, त्यामुळे रस्त्यावरचा आवाजसुद्धा आधी ऑफिसं झेलतात. आज बहुतेक प्लॅनमध्ये उलटं वाचायला मिळतं, हॉल असला की गर्दी येईल आणि गर्दी आली की दुकानं चालतील. म्हणजे दुकानांनी हॉलला पोसायचं सोडून हॉलने दुकानांना गिऱ्हाईक आणून द्यायचं. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय त्याच बाजूला झुकतात, प्रेक्षकाला मुद्दाम तीन मजले दुकानांसमोरून फिरवून हॉलच्या दारात आणायचं वगैरे.

आता सामानाचं. मध्यम आकाराचा शो म्हटला तरी दोन ट्रक सामान असतं, स्पीकर, लाइट, ड्रम, केबलच्या पेट्या. चाकं लावलेल्या त्या फ्लाइट केस एकेक दीड-दोनशे किलोच्या. चांगल्या हॉलमध्ये ट्रक स्टेजच्या पातळीला मागे लागतो, दार उघडलं की पेटी सरळ स्टेजवर, दीड-दोन तासात रिकामा. मी एका मॉलमधल्या हॉलला गेलो होतो तिथे ट्रक दुकानांच्या मालाच्या धक्क्याला लावायचा, तिथून सर्व्हिस लिफ्ट, आणि लिफ्ट सगळ्यांत मिळून एकच. आमच्या पुढे कपड्यांच्या दुकानाचा माल होता, त्याच्या पुढे फ्रीज. आमची पाळी आली तेव्हा लक्षात आलं की लिफ्टचं दार आमच्या सगळ्यात मोठ्या पेटीपेक्षा दोन इंचांनी कमी आहे. दोन इंच! मग पेटी खाली उघडून एकेक वस्तू हातावर नेली. शो संपल्यावर तर मॉलचा नियम की रात्री लिफ्ट अमुक वेळेनंतरच मिळणार, आमची पोरं मालाच्या धक्क्यावर पुठ्ठे अंथरून बसून होती, पहाटे चारला ट्रक निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे शो होता. रात्रभर जागलेला ड्रायव्हर ट्रक चालवतोय हे डोळ्यासमोर आणा. हे त्या नकाशावर कोणालातरी दिसायला हवं होतं. एक दार दोन इंच मोठं करायला तेव्हा काहीच पडलं नसतं.

आणि प्रेक्षक बाहेर कसे पडणार हा सगळ्यात गंभीर प्रश्न. मॉलमध्ये लोक दिवसभर थोडे थोडे येतात नि जातात. हॉलमधून दोन हजार लोक दहा मिनिटांत एकदम बाहेर येतात आणि तेही मॉल बंद झाल्यावर. मी बघितलंय, शो पावणेअकराला संपला, एस्केलेटर बंद, अर्ध्या पॅसेजला शटर ओढलेलं, सिक्युरिटीवाला एका अरुंद जिन्याकडे हात दाखवतोय. एक आजोबा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मग पुढची, आणि त्यांच्या मागे अख्खा जिना थांबलेला. वरून मागचे लोक ओरडत होते काय झालं, काय झालं. त्या दिवशी काही झालं नाही. पण त्याच शिकागोत ३० डिसेंबर १९०३ ला इरोक्वा थिएटरला आग लागली, ६०० हून जास्त माणसं गेली, आणि तिथे जिन्यांवर लोखंडी गेट लावून कुलूप घातलेलं होतं, काही दारं लोकांना उघडताच आली नाहीत. ढकलला की उघडणारा दाराचा आडवा दांडा त्यानंतर सगळीकडे आला. म्हणून शटर ओढलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. हॉलला स्वतःचे जिने हवेत, थेट रस्त्यावर उतरणारे, ज्यांचा मॉलच्या कुलपाशी काही संबंध नाही असे. पार्किंगचंही तेच, ऑफिसची इमारत असेल तर संध्याकाळी गाड्या निघून जातात आणि हॉलला जागा मिळते, मॉलची गर्दी मात्र शनिवारी संध्याकाळीच असते, जेव्हा शो असतो.

अजून एक गोष्ट जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. दुकानांचं आयुष्य हॉलपेक्षा कमी असतं. टोकियोत शिबुयाला बुंकामुरा म्हणून कला केंद्र आहे, १९८९ चं, त्यात ऑर्चर्ड हॉल, २,१५० खुर्च्यांचा, शेजारी त्याच मालकांचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर. ते स्टोअर जानेवारी २०२३ ला पुनर्विकासासाठी बंद झालं आणि मग केंद्राचाही बराचसा भाग बंद ठेवावा लागला. तिथे हॉलची कदर करणारे लोक आहेत म्हणून हॉल वाचवण्याचा विचार झाला. जिथे करारात काही लिहिलेलंच नाही तिथे मॉल तोट्यात गेला की हॉलचा एसी कोण चालवणार, लिफ्टची देखभाल कोण करणार? मी असा एक हॉल पाहिलाय, खाली सगळ्या गाळ्यांना कुलपं, आणि वर आम्ही भाड्याचे जनरेटर आणून शो केला.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी अशा कॉम्प्लेक्सचं मॉडेल काचेच्या पेटीत ठेवून दाखवेल तेव्हा त्यांच्याकडे हॉलचा उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखा नकाशा, मागा, दर्शनी चित्र नको. हॉलच्या फरशीखाली काय आहे, ट्रक कुठे लागणार, लिफ्टचं दार किती रुंद, आणि मॉल बंद झाल्यावर शेवटच्या रांगेतला माणूस कुठल्या जिन्याने उतरणार, हे विचारा आणि उत्तर काय मिळालं ते छापा, नाही मिळालं तर तसंही छापा. स्लॅब पडायच्या आधी छापलंत तर बदलता येईल.

आपला,
एक वाचक, साउंड इंजिनिअर