पेटीवरचं नाव

श्टुटगार्ट,
रविवार, ६ एप्रिल २०२५ (रामनवमी)

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दादा सांगत होता, बाबा हल्ली पेपर खिडकीशी नेऊन वाचतात आणि उजवा डोळा मिटून घेतात. फोनवर विचारलं की तुम्ही "सगळं झकास" म्हणता आणि विषय पावसावर नेता. म्हणून आज कागदच घेतला. इथून भारतात पत्र टाकायला वीस ग्रॅमपर्यंत सव्वा युरो पडतो, तेव्हा तीन कागदांत बसवायचंय.

बाबा, आधी तुमच्या टपाल खात्यातली गोष्ट सांगते. इथे इमारतीतल्या घरांना सहसा नंबर नसतात. पत्त्यात रस्ता, इमारतीचा आकडा आणि पिन कोड. कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते बाहेरच्या बेलवर आणि खालच्या टपालपेटीवर लिहिलेल्या आडनावावरून ओळखायचं. मी ८ फेब्रुवारीला ह्या खोलीत आले. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो घेऊन वेळेत नोंदणी केली. तिथल्या बाई म्हणाल्या, कराचा अकरा आकडी नंबर टपालाने घरी येईल. नंबर काही आला नाही. तोवर पहिला पगार झाला, आणि नंबर नसल्यामुळे त्यातून सगळ्यात चढ्या दराने कर कापून गेला. पगाराचा कागद बघून पोटात गोळाच आला. घरभाडं, अनामत, बस-ट्रामचा पास, सगळ्याचा हिशोब त्यावर बेतलेला होता.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला विचारलं. त्याचा पहिलाच प्रश्न, "पेटीवर नाव लावलंयस ना?" पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. पोस्टमनने माझं नाव शोधलं असणार, मिळालं नाही, पत्र परत. त्या संध्याकाळी घरी येऊन कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. पट्टीवरून बोट फिरवताना तुमची फार आठवण झाली. 'पिंपळापाशी, अमक्याची सून' एवढ्यावर तुम्ही पत्र पोचवायचात, आणि अपुरा पत्ता म्हणून पत्र परत पाठवायची वेळ आली की घरी येऊन हळहळायचात. नंबर पुन्हा मागवला, १८ मार्चला आला. जास्तीचे कापलेले पैसे पुढच्या पगारात परत मिळतील. काळजी करू नका.

नोकरीचं आता बरं चाललंय. काम ब्रेकच्या कंट्रोल युनिटच्या चाचण्यांचं, म्हणजे चाकणला करत होते त्याच जातीचं. माणसं सकाळी सातला येतात आणि चारला उठून जातात. दुसऱ्या आठवड्यात मी सवयीने साडेसातपर्यंत बसले, तर साहेब येऊन म्हणाले, उद्या लवकर यायचं असेल तर आत्ता नीघ. कायद्याने दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती हवीच. पहिल्यांदा मला वाटलं, आपलं काम आवडलं नाही. तसं नव्हतं.

जड जातं ते बोलणं. ह्यांच्यातही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, 'डू' आणि 'झी'. टीममध्ये सगळे एकमेकांना 'डू'. साहेब बाबांच्या वयाचे, त्यांना नावाने आणि अरे-तुरे करायचं! महिनाभर मी असं वाक्यच टाळायची, ज्यात त्यांना हाक मारावी लागेल. आणि दुसरं म्हणजे, कुणी "समजलं का?" विचारलं की माझी मान आपोआप हलायची. मार्चमध्ये सेन्सरची जुळवणी नीट न समजताच हो म्हणून गेले आणि दोन दिवसांची मोजमापं फुकट गेली. मी स्वतःच जाऊन सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "नाही समजलं, हे पहिल्या दिवशी सांग." तेव्हापासून सांगते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते, पण इथली मंडळी श्वाबी बोलीत बोलायला लागली की पुस्तकातली जर्मन तिथे थिटी पडते. आपल्याकडे पुण्याचं मराठी शिकून कुणी थेट कराडच्या बाजारात उभं राहावं, तसं.

आई, तुला आवडेल असं एक सांगते. इथे इमारतीचा जिना भाडेकरूंनी पाळीपाळीने साफ करायचा. पाळी आली की शेजारची दारावर एक पाटी अडकवून जाते. ह्या आठवड्याला म्हणतात 'केरवॉखं'. 'वॉखं' म्हणजे आठवडा, आणि 'केर' म्हणजे झाडणं! पहिल्यांदा पाटी बघितली तेव्हा हरखूनच गेले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी उभं राहून शिकवलं: आधी कोरडा झाडू, मग ओलं फडकं, आणि कठडा विसरायचा नाही. तू जसं पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघतेस ना, अगदी तस्संच त्यांनी बघितलं.

पाडव्याला गुढी उभारली. नेमकी त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे साडेसहाला उठले ती जुन्या वेळेने साडेपाचलाच. पडद्याची लाकडी काठी, तू दिलेला खण आणि आजीचा तांब्या. कडुनिंब मिळाला नाही, साखरेची गाठीही नाही, म्हणून खडीसाखरेची माळ ओवली. खिडकीतली गुढी बघून खालच्या आजी विचारायला वर आल्या. त्यांना श्रीखंड दिलं, घरीच चक्का बांधला होता. आता आपल्यात साडेतीन तासांचाच फरक आहे, तेव्हा रात्री साडेनऊला जेवणं आटोपून फोन करत जा. मी तेव्हा घरी पोचलेली असते.

रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे सगळी कामं शनिवारवर येऊन पडतात: भाजी, धुणं, सगळंच. मे महिन्यात राहण्याच्या परवान्याची तारीख मिळाली आहे. ते कार्ड हातात येईपर्यंत तिकीट काढत नाही, पण साहेबांशी बोलून ठेवलंय. माझे पहिले सहा महिने ३१ जुलैला संपतात, आणि २५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर सुट्टी मिळणार आहे. गणपती २७ ऑगस्टला, गौरी ३१ ला येतात. गौरी बसवायला मी असेन. मुखवटे माझ्या हातून पुसू दे, माळ्यावरून काढून ठेव फक्त.

आता बाबा, ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दादा म्हणाला, तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या येण्यावर ठेवलंय. "पोरगी आली की करू, तोवर पिकेल." तसं करू नका. पूर्वी पिकायची वाट बघायचे. आता गरज नसते, उलट फार पिकला तर काढायला अवघड जातो. मे महिन्यात उरकून घ्या. दादा आणि वहिनी चार दिवस तिकडे येऊन राहणार आहेत, मी त्यांच्याशी बोलले. थेंब महिनाभर वेळच्या वेळी घालावे लागतात. आई, तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत जा. दादाच्या खात्यावर पैसे पाठवलेत. लेन्स डॉक्टर सांगतील ती बसवा, स्वस्त म्हणून दुसरी घेऊ नका. पहिल्याच पगारातले आहेत, कुठलं कर्ज काढलेलं नाही.

मी येईन तेव्हा तुम्ही स्टँडवर उभे असाल आणि मला लांबून ओळखाल, एवढंच मला हवंय.

आत्याला नमस्कार सांगा. वहिनीला म्हणावं, मेतकूट पुरतंय, घाई नाही. हे पत्र उद्या सकाळी ऑफिसला जाताना पिवळ्या पेटीत टाकीन. इथे टपालपेट्या पिवळ्या असतात, बाबा, लाल नाहीत. मिळालं की पाकिटावरचे दोन्ही शिक्के बघून कळवा, किती दिवसांत पोचलं आणि कुठे रेंगाळलं.

तुमची,
सुमा