तीन खिळे रिकामे का होते?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

जव्हार तालुक्यात आमच्या घराच्या पडवीत आणि लगतच्या दोन खोल्यांत आम्ही संग्रहालय चालवतो. वारली, कोकणा, कातकरी घरांतून आलेले तारपे (फुंकून वाजवायची भोपळ्याची वाद्यं), धान्याच्या कणग्या, लाकडी देव, बोहाड्याचे, म्हणजे इकडच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे. शिवाय गावठी बियाणं आणि रानभाज्यांच्या नोंदी. सांबराचं शिंग कुणी आणलं तर घेत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आम्हालाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी अनुदानाच्या अर्जासाठी तपासणीला साहेब आले. नोंदवहीत मुखवटे 27, भिंतीवर 24. शेरा पडला : ‘तीन वस्तू जागेवर आढळल्या नाहीत.’ अर्ज तिथेच अडकला.

ते तिघे बोहाड्याला गेले होते, साहेब! होळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे रात्र-रात्र संबळ-सनईवर सोंगं नाचतात. मुखवटे आमच्याकडे ठेवताना त्या घरांनी एकच अट घातली होती, बोहाड्याला परत द्यायचे. परत येतात तेव्हा आतून कपाळाच्या जागी घामाचा डाग असतो, एखाद्या कानाचा टवका उडालेला असतो. टवका दुरुस्त करतो. डाग पुसायला हात होत नाही.

बियाण्याचंही तेच. बरणीतली नागली दिसते छान, पण वर्षानुवर्षं तशीच राहिली तर उगवत नाही. म्हणून मृगाआधी शेतकऱ्यांना वाटतो, सुगीनंतर ती दुपटीने परत येते. तपासणीच्या तक्त्यात याला रकानाच नाही.

आमचं मागणं मोठं नाही. गावाने वापरायला नेलेली वस्तू ‘गहाळ’ न धरता ‘वापरात’ अशी नोंदवू द्या. दुसरं, इथल्या पावसात तारप्याच्या भोपळ्याला बुरशी धरते, लाकडी देवांना भुंगा लागतो. आमच्याकडे उपाय कडुनिंबाचा पाला, एवढाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंचं संवर्धन करणारी जाणती माणसं आहेत. त्यांच्यातलं कुणी पावसाआधी दोन दिवस इकडे येईल, अशी सोय आपण करू शकता. वस्तू शहरात नेऊन सांभाळू, असं मात्र सुचवू नका. तिथून बोहाड्याला कोण आणून देणार?

यंदाही होळीनंतर तीन खिळे रिकामे असतील. तपासणी तेव्हाच लावा, आणि साहेबांना मुक्कामाला पाठवा. सोंगं रात्री निघतात.

आपला नम्र,
जव्हारचा एक संग्रहालयवाला