वाकळीच्या कोपऱ्यात नाव

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर टाकताय ना? आई, परवा फोनवर तू म्हणालीस, पेटीतली लुगडी बोहारणीला देऊन टाकते, आता वाकळ कोण पांघरतंय. देऊ नकोस गं. का, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. बाबांनी तुला मोठ्यानं वाचून दाखवावं.

रविवारी मी इथं सिंगापुरात चांगीच्या संग्रहालयात गेले होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपले हिंदुस्थानी सैनिक हजारोंनी कैद झाले. गोऱ्या नागरिकांना चांगीच्या तुरुंगात कोंबलं. तुरुंग ६०० कैद्यांसाठी बांधलेला, आत माणसं सुमारे ३,०००, त्यात ४०० च्या आसपास बायका-मुलं. कित्येकींचे नवरे जवळच्याच सैनिकी छावणीत होते, पण ते जिवंत आहेत की गेले, तेही कळेना.

तेव्हा एथेल मुलव्हेनी नावाच्या कॅनडाच्या बाईनं एक युक्ती काढली. त्या छावणीच्या दवाखान्यातल्या जखमींसाठी गोधड्या शिवायच्या. प्रत्येकीनं वीतभरसुद्धा नाही एवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यावर आपलं नाव भरायचं आणि आपल्या मनातलं काहीतरी काढायचं. कुणी तुरुंगाची कोठडी काढली, कुणी आपल्या मुलखाची फुलं. एका गोधडीत ६६ तुकडे, अशा तीन गोधड्या. तिसरी जखमी जपानी सैनिकांच्या नावानं शिवली, म्हणजे बाकीच्या दोन कुणी अडवू नयेत. गोधडी दवाखान्यात पोचली की खाटेवरचा माणूस त्यावरची नावं वाचायचा. नाव दिसलं म्हणजे ती जिवंत आहे, तिच्या बोटांत अजून सुई धरायची ताकद आहे. त्यातल्या दोन गोधड्या आता कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, एक ब्रिटनच्या रेडक्रॉसकडे. मी फोटोच पाहिले, पण कितीतरी वेळ त्या नावांपुढून हलले नाही. त्याच तुरुंगात लहान मुलींनीही आपल्या बाईंसाठी षटकोनी कतरणींची एक गोधडी गुपचूप शिवली होती.

बाबा, पुरुषांचं वाचताना तुमची फार आठवण आली. वर्ष-दीड वर्षात त्यांच्या अंगावरचे कपडे कुजून गेले. ब्रह्मदेशाच्या ४१५ किलोमीटर रेल्वेवर खपणारे कैदी नुसत्या लंगोटीवर, अनवाणी राबायचे. तिथं १२,००० हून जास्त कैदी मेले. चांगीत मात्र रबराची झाडं होती, त्यांच्या चिकानं ते बुटांचे तळ दुरुस्त करायचे, लाकडाच्या खडावा करून घालायचे. तुम्ही शर्टाची कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवायचे, तेच डोकं.

आणि हे तर तुम्हाला फारच आवडेल. अलेक्सिस कॅसडागली नावाचा एक ब्रिटिश मेजर १९४१ साली क्रीट बेटावर पकडला गेला, जर्मनांच्या कैदेत पडला. त्यानं विरलेल्या स्वेटरचे धागे उसवून कापडावर भरतकाम केलं. वरवर साधी नक्षी, पण काठाचे ठिपके आणि रेघा म्हणजे तारखात्याची कडकट्ट भाषा. त्यात आपल्या राजासाठी प्रार्थना आणि हिटलरला सणसणीत शिवी! जर्मनांना पत्ताच नाही. त्यांनी ते काम एकापाठोपाठ चार छावण्यांत कौतुकानं टांगलं.

हे सगळं पाहताना आजीचं ते हिरवं लुगडं डोळ्यांपुढून जाईना. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची ते, मधोमध दंड घातलेलं. आई, तू सांगायचीस की ते एक धुवायचं आणि दुसरं ओलंच नेसायचं. पुढं ते लुगडं तुझ्या वाकळीत गेलं. आतल्या थरात कुठंतरी आहे, पण आता बोट ठेवून दाखवता येणार नाही. तुझ्या हातच्या इतक्या वाकळी भावकीत, लेकींच्या सासरी, बाळंतिणींच्या खाटेवर गेल्या. एकीवरही तुझं नाव नाही. गावातल्या कुठल्याच बाईचं नसतं. याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि इतक्या उशिरा वाटलं याचं जास्त.

म्हणून पेटीतल्या लुगड्यांची एक वाकळ घाल. घाई नको, रोज दोन ओळी धावदोरा घातलास तरी पुरे. कोपऱ्यात एक तुकडा मोकळा ठेव. बाबा, त्यावर खडूनं तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या, तिला सही येते, अक्षरं गिरवता येतील. आई, माहेरचं नाव घालायचं की सासरचं, ते तू ठरव. दोन्ही घातलीस तर मला फार आवडेल.

दिवाळीला येतेय, सतरा दिवसांची रजा मिळाली आहे. लाल दोरा इथून आणते. बाबांना अजून बारीक दिसत नसेल तर सुया मी ओवून ठेवीन, डबाभर.

तुमची,
ताई