गोल्ड स्टारवर बोली लावण्याआधी

बर्मिंगहॅम

प्रिय सुहास,

लिलावाच्या कॅटलॉगचं पान मिळालं. ‘बीएसए गोल्ड स्टार डीबीडी३४, ४९९ सीसी, क्लबमन स्पेसिफिकेशन’ या ओळीवर तू भाळलास. बीएसएची ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल, आणि क्लबमन म्हणजे तिचा रेससाठीचा प्रकार. पण त्यातला ‘स्पेसिफिकेशन’ हा शब्द परत वाच. बीएसएच्या इथल्या स्मॉल हीथ कारखान्यातून क्लबमन म्हणून निघालेली गाडी वेगळी आणि नंतर कुणीतरी क्लिप-ऑन हँडल नि मागे सरकवलेले फूटरेस्ट लावून सजवलेली वेगळी. कॅटलॉगवाले खोटं लिहीत नाहीत, पण शब्द फार जपून वापरतात.

म्हणून आधी नंबर. इंजिनचा नंबर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या लगेच खाली ठोकलेला असतो: डीबीडी३४जीएस आणि पुढे आकडे. फ्रेमचा सीबी३२ने सुरू व्हायला हवा. पुढचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नकोस, त्या काळी बीएसए इंजिन आणि फ्रेमला एकच नंबर देत नसे. इथे ‘मॅचिंग’ म्हणजे कारखान्याच्या वहीत दोन्ही एकाच गाडीच्या नावावर असणं. व्हिंटेज मोटारसायकल क्लबकडून त्या नोंदीचं पत्र बोलीच्या आधी मागव. गाडी क्लबमन होती की स्क्रॅम्बलर (खडबडीत, मातीच्या रेसची), तेही त्यातूनच कळेल.

खरी गोम फ्रेममध्ये आहे. बीएसएच्याच साध्या बी३१ मॉडेलची फ्रेम दिसायला जवळजवळ तशीच, फक्त नंबर सीबी३१. शेवटच्या १चा २ करायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा व्ह्यूइंगच्या, म्हणजे लिलावाआधी गाडी बघू देतात त्या दिवशी टॉर्च घेऊन जा, गुडघ्यावर बस आणि उजवीकडची खालची नळी बघ. खऱ्या गोल्ड स्टारच्या नळीला ऑइल पंपापाशी बाक दिलेला असतो, पंपाला जागा मिळावी म्हणून. नळी सरळसोट दिसली तर ऊठ आणि चहा प्यायला जा. साइडकार जोडायचे लग, म्हणजे फ्रेमवरचे कान, तेही या फ्रेमवर नसतात. कुणी कापून घासले असतील तर रंगाखालचा सपाटपणा बोटाला लागतो. नंबराच्या आजूबाजूला कानस फिरल्याच्या रेघा आहेत का, तेही तिरप्या उजेडात बघ. गिअरबॉक्सवर आरआरटी२ असेल तर क्लोज रेशो, म्हणजे गिअर एकमेकांच्या जवळ असलेला रेसचा गिअरबॉक्स. त्याचा पहिला गिअर इतका लांब की ताशी नव्वदच्या पुढे जातो, त्यामुळे सिग्नलवरून क्लच घसरवतच निघावं लागतं. अमल जीपी या रेसच्या कार्ब्युरेटरवर गाडी उभी असताना इंजिन संथ चालू राहत नाही. हे दोष समजू नकोस, रेसच्या गाडीचा तो स्वभाव.

पैशाचं थोडक्यात. हातोडा १५,००० पौंडांवर पडला आणि खरेदीदाराचं कमिशन १५ टक्के असेल तर त्याचे २,२५०, त्या कमिशनवर २० टक्के व्हॅटचे ४५०. म्हणजे १७,७००, वर वाहतूक. वरची मर्यादा या शेवटच्या आकड्यावरून मागे मोजत ये. आणि व्ही५सी, म्हणजे इथलं गाडीचं नोंदणीपत्र, हा मालकीचा पुरावा नव्हे, तसं त्यावरच छापलेलं असतं. जुन्या पावत्या, रेसच्या नोंदी, फोटो मागून घे.

लिलावात गाडी सुरू करू देत नाहीत, सगळं ‘आहे तशी’. म्हणून इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच चाल. वर्षानुवर्षं शोभेला ठेवलेल्या गाडीत ऑइल टाकीतलं तेल पंपाच्या व्हॉल्व्हमधून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात साचतं. तशीच किक मारलीस तर धुराचा लोट उठेल. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचं दुखणं वेगळं: थंड असताना छान, तापल्यावर बंद, आणि मग अर्धा तास सुरूच होत नाही. बहुतेक वेळा जुना कंडेन्सर. पेट्रोलची टाकी फायबरग्लासची असेल तर पेट्रोल घालूच नकोस, इथेनॉलने रेझिन मऊ पडतं आणि तो चिकटा व्हॉल्व्हपर्यंत जातो. ॲल्युमिनियमची टाकी शोध.

घरी आणल्यावर क्रँककेस रिकामी कर, तेल नवं घाल, प्लग काढ. वायर मोकळी सोडू नकोस, प्लग तिलाच जोडून सिलिंडरच्या फिन्सना टेकवून ठेव. ठिणगीला वाट मिळाली नाही तर मॅग्नेटोचं वाइंडिंग जळतं. मग ऑइल टाकीचं झाकण उघडून रिटर्नच्या नळीतून तेलाची पिचकारी दिसेपर्यंत किक मारत राहा. पाय भरून येईल, पण ती दिसल्याशिवाय प्लग परत लावू नकोस. तेल न पोचलेलं बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, दोन मिनिटांत जातं आणि त्यासाठी अख्खी क्रँक बाहेर काढावी लागते.

फ्रेमच्या नळीचे फोटो काढलेस की लगेच पाठव, उजव्या बाजूचे.

तुझा,
मिलिंद