थाळी फिरण्याआधीच उठवले

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बाजारपेठेच्या तोंडाशी डोंबाऱ्याचा खेळ लागला होता. बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली मांडी घालून ढोल वाजवणारी आई. बाप डोक्यावर तीन कळश्या घेऊन दोरावरून चालत गेला. बाजाराच्या पिशव्या हातातच धरून माणसे बघत राहिली. तो खाली उतरला, आईने थाळी उचलली आणि नेमके तेव्हाच दोघे गणवेशधारी आले. "भीक मागायला बंदी आहे, चला उठा." माणसे पांगली. थाळीत अकरा रुपये होते. ढोल उचलून नेला, तो अजून परत मिळालेला नाही.

आधी खेळ, मग थाळी. याला भीक म्हणायला आमची जीभ रेटत नाही. घाटावरचा वासुदेव असो की नंदीबैलवाला, आपल्या आज्यांनी त्यांना सूपभर तांदूळ घातले ते मान म्हणून.

कायदा मात्र वेगळे बोलतो. गोव्यात १९७२चा भीकबंदी कायदा आहे. मुंबईच्या १९५९च्या कायद्यात तर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे हे सारे भिकेच्याच व्याख्येत बसवले आहे. दिल्लीला लागू असलेल्या त्याच कायद्यातली, भीक हा गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने भाजीवाल्या बाईला निदान हक्काने जागा मागता येते. दोरावर चालणाऱ्याने कुठल्या समितीकडे जायचे? महोत्सवाच्या मंडपात हीच कला आली की आपण तिला लोककला म्हणून टाळ्या वाजवतो. रस्ता तर सगळ्यांचा आहे.

म्हणून वाचनालयाच्या वतीने नगरपालिकेला निवेदन देत आहोत. रहदारी आणि दुकाने अडणार नाहीत अशी एक जागा, संध्याकाळचे दोन तास, एवढीच मागणी आहे. त्यावर तुमची सही हवी.

या कुटुंबाची नऊ वर्षांची मुलगीही दोरावर चढते. ते आम्हाला मान्य नाही, आणि आम्ही तिच्या आईला तसे स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "कागद नाहीत, शाळेत कोण घेणार?" वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. प्रवेशासाठी आमचे सदस्य सोबत जातील. पण पाऊस लागला की पाल उठते आणि शाळा सुटते. चार महिने छपराची सोय झाली तर ती टिकेल.

तेव्हा नवा ढोल, पावसाळ्यापुरती भाड्याची एक खोली आणि मुलीचे दप्तर, गणवेश यांसाठी मदत हवी आहे. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल. कोणाकडे रिकामी खोली असेल तर ती पैशांपेक्षा मोलाची. जुने कपडे कृपया आणू नयेत, ते पुरेसे जमले आहेत.

वाचनालय रोज सायंकाळी पाच ते आठ उघडे असते. निवेदनाचा कागद आणि पावतीपुस्तक दारातल्या टेबलावर आहे.

आपले,
कार्यकारी मंडळ