मुक्तिसंग्रामाच्या वह्या हव्यात, 17 सप्टेंबरनंतरच्याही

हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हटला की 1938 चा सत्याग्रह, रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प आणि 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, म्हणजे भारतीय लष्कराची मोहीम, एवढ्यावर आपले वाचन आटोपते. कारवाईच्या वेळी आणि नंतर 27 ते 40 हजार माणसे, मुख्यतः मुसलमान, मारली गेली असा अंदाज भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने दिला होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक वर्षे बंदच राहिला.

रझाकारांनी गाव लुटले ते आणि त्याच गावात पुढे जे घडले ते, दोन्ही एकाच हाताने लिहिलेली आठवणींची वही वाचली की हा लढा पूर्वीसारखा दिसत नाही. अशा वह्या आमचे वाचनालय स्कॅन करून जपणार आहे. मराठी, मोडी, उर्दू, कुठलीही चालेल. लिहिणारा कुठल्या बाजूचा, हे आम्ही विचारणार नाही.

कृपया ‘साफ प्रत’ करून देऊ नका. खोडलेल्या ओळी आणि समासातली नावे हाच बहुधा मोलाचा मजकूर, आणि नातवंडे नेमका तोच गाळतात. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा चिकट थर तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते सुखरूप निघत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, तशाच आणा. ओल असेल तर वही उन्हात न ठेवता सावलीत पंख्याखाली वाळवा. कसर दिसली तर वेगळ्या पिशवीत बांधा, औषध फवारू नका.

वहीवर इंग्रजी तारखा लिहू नका. निजामी फसली वर्ष, म्हणजे निजामाच्या राज्यातले महसुली वर्ष, ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. इंग्रजी सनासाठी फसली सनात 590 मिळवायचे, जानेवारीपासून 591. म्हणजे 1948 चा सप्टेंबर 1357 फसलीत येतो. मुंबई इलाख्याच्या, जूनमध्ये सुरू होणाऱ्या फसलीने मोजले की घटनांचा क्रमच बिघडतो. गावांचेही तेच: वहीत मोमिनाबाद असेल तर ते अंबाजोगाई, पण नोंद मूळ नावानेच होईल.

पाने 400 डीपीआयवर (इंचाला 400 ठिपके) रंगीत टिफ फाइलच्या स्वरूपात घेतो. दोनशे पानी वहीला सुमारे 5 जीबी लागतात. तीन प्रती ठेवायच्या, एक गावाबाहेर. त्यासाठी 4 टीबीच्या तीन हार्ड डिस्क, वही पूर्ण न उघडता ठेवण्याचा व्ही आकाराचा स्टँड, दोन एलईडी दिवे आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या हव्यात. वस्तू द्या किंवा रक्कम, पावती मिळेल. मोडी आणि घसटी (भरभर, जोडून लिहिलेली) उर्दू वाचणारी माणसे मात्र पैशाने मिळत नाहीत. आठवड्यातले दोन तास देणारे कोणी असेल तर आधी त्यांनी यावे.

वही तुमच्यासमोर स्कॅन होईल आणि लगेच परत मिळेल. अर्जावर तीन पर्याय आहेत: सर्वांना खुली, वाचनालयात बसूनच वाचायची, किंवा तुम्ही सांगाल त्या वर्षापर्यंत बंद. लुटीत सामील झालेल्याचे नाव वहीत असेल तर त्याचे नातू आज तुमच्याच गल्लीत राहत असतील. तेव्हा घरात बोलून मगच खूण करा.